गेनबाच्या किटल्या

"येताना दूध आणा," सौदामिनी म्हणाली.

पहाट होती. भोरच्या त्या गल्लीत नुकतंच नळाला पाणी आलं होतं आणि घरोघरी बादल्या वाजत होत्या. प्रद्युम्न सायकल धरून फाटकाशी उभा होता. डोक्याला हेल्मेट, छातीला ठोके मोजणारा पट्टा, पाठीवरच्या खिशांत खजूर, चिक्की आणि मीठ-साखरेच्या पुड्या. दिवेलागणीपर्यंत तो भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके सायकलवरून पालथे घालणार होता, आणि बायको त्याला कोपऱ्यावरच्या डेअरीत धाडावं तसं दूध आणायला सांगत होती.

ही थट्टा नव्हती. सौदामिनीचं माहेर आंबवड्याचं. तिची आई घरातलं कुणी मोठ्या कामाला निघालं, म्हणजे कोर्टात, परीक्षेला किंवा ऑपरेशनला, की त्याला हटकून एखादं फुटकळ काम सांगायची. येताना कोथिंबीर आणा, येताना सुतळी आणा. काम सांगितलेला माणूस ते पुरं करायला परत येतोच, असा त्या माउलीचा हिशेब. सौदामिनीनेही तो तसाच उचलला होता. प्रद्युम्नला हे माहीत होतं, म्हणून तो नुसता "बरं" म्हणाला आणि निघाला.

आता हा प्रद्युम्न कोण, तर पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा एक सरळमार्गी माणूस. पन्नाशीला टेकलेला. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत वाढता वाढता छातीत कळ आली आणि हातातलं भाताचं भांडं घेऊन तो खाली बसला. पुण्याला नेलं, नळ्या घातल्या, माणूस वाचला. पण त्या दिवसापासून घरीदारी एकच पालुपद सुरू झालं. "तुम्ही नको." बादली उचलायला गेला, तुम्ही नको. सिलिंडर आला, तुम्ही नको. ऑफिसात नकाशांचा गठ्ठा हातात घेतला, तर शिपाई धावत येऊन तो काढून घेई आणि वर हसून म्हणे, साहेब, तुम्ही नको. माणसं प्रेमानेच करत होती सगळं. पण कुणी सतत हातातलं ओझं काढून घेत राहिलं, की आपण या घरातले पाहुणे आहोत असं वाटायला लागतं. प्रद्युम्नला तसं वाटत होतं आणि त्याला त्याचा मनापासून राग येत होता.

म्हणून ही सायकल. आधी धरणापर्यंत, मग नसरापूरपर्यंत, मग रविवारी मार्गासनीला जाऊन परत. डॉक्टरांनी चालेल म्हटलं, पण ठोक्यांचा एक आकडा सांगून ठेवला. त्याच्या वर गेलात तर उतरायचं आणि बसायचं. दीड वर्ष सराव झाल्यावर प्रद्युम्नने मनाशी एक मोहीम ठरवली. या दोन तालुक्यांत ज्या दोन कडांवरून खाली कोकण दिसतं, त्या दोन्ही कडा एका दिवसात सायकलने शिवून यायच्या. आधी वेल्ह्यावरून केळदची, मग हिर्डोशीवरून वरंधा घाटाची. आणि तेही एकट्याने.

नियम घातले त्याच्या मित्राने, मधूने. मधूचं स्टँडसमोर सायकलचं दुकान, आणि भोरमधल्या साऱ्या सायकलवाल्यांचा तो स्वयंघोषित पंच. मागून गाडी नाही. कुणाच्या सायकलमागे राहून वारा चुकवायचा नाही. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. विकतचा चहा चालेल. "मग कुणी म्हणायला नको की तुला कुणी नेलं," मधू म्हणाला होता. प्रद्युम्नला नेमकं तेच हवं होतं.

सकाळ छान गेली. मार्गासनीला ऊन वर आलं. भात कापून खाचरात पसरलेला होता आणि रस्त्याला त्याच्या काडाचा गोडसर वास येत होता. वेल्ह्याला त्याने चहा घेतला, केळदला कड्यावर उभं राहून कोकणाचा फोटो काढला आणि सौदामिनीला पाठवला. तिने उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला. परतीला ऊन लागलं, पण पाय चालत राहिले आणि हँडलवरच्या यंत्रात ठोक्यांचा आकडा शहाण्या मुलासारखा जागेवर बसून होता. दुपारी तो भोरमधून न थांबता पुढे गेला, तेव्हा मधूने दुकानाच्या दारातूनच हात केला.

हिर्डोशीला तो पोचला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पावसाळाभर दरडींमुळे बंद असलेला घाट नुकताच उघडला होता, गाड्या तुरळक होत्या. रस्त्याकडेला बनाबाईची टपरी होती. पत्र्याखाली चूल, दोन बाकडी, बरणीत खारी. बनाबाई सत्तरीची, हाडापेराने काटक. तिने चहा ओतला, सायकलीकडे पाहिलं आणि वर घाटात एकटेच जाणार का म्हणून विचारलं.

प्रद्युम्नने हो म्हटलं. जरा अभिमानाने "एकटाच" म्हटलं. बनाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

मग ती सहज बोलावं तसं बोलत राहिली. पूर्वी एसटी नव्हती, तेव्हा माणसं डोक्यावर तांदळाचं, नाचणीचं वझं घेऊन हा घाट चढायची. दमलेल्याचं वझं दुसरा कुणी चार पावलं घ्यायचा, ओळख असो नसो. पण त्याची एक रीत होती. मुक्कामाला पोचलं की ज्याचं वझं त्याने ते स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायचं, तुमी आणलं म्हणायचं, आणि मगच सोबत करणाऱ्याला फिरा माघारी म्हणायचं. उतरवून न घेता कुणाला माघारी लावायचं नाही.

"का?" प्रद्युम्नने विचारलं.

"का म्हंजी? वझं जातंय की त्याच्यासंगं," बनाबाई म्हणाली.

या वाटेवर गेनबा म्हणून एक दूधवाला होता, तिच्या लग्नाच्या आधीचा. सायकलला दोन किटल्या बांधून रोज वरच्या वाड्यांवर जायचा आणि दूध घेऊन भोरला. जाताना रिकाम्या किटल्या खणखणायच्या, येताना भरलेल्या डुचमळायच्या, आवाजावरून लोकांना वेळ कळायची. वाटेत कुणी दमलेलं दिसलं की विचारायचा, वझं घेऊ का. एका पावसात तो वर गेला तो आला नाही. सायकलही सापडली नाही.

"पर इचारतो आजून," बनाबाई म्हणाली. "कुणी दमलं की."

प्रद्युम्न हसला. आपल्याकडे दोन पाण्याच्या बाटल्या सोडून वझं म्हणून काही नाही, असं त्याने तिला सांगितलं. बनाबाई हसली नाही. तिने कप विसळला आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "न्हाई कसं, बाबा. समद्यांकडं असतं."

हिर्डोशी मागे पडली आणि रस्ता उभा राहिला. त्या मोसमात संध्याकाळ झाली की कोकणातलं धुकं कडा चढून वर येतं. आधी ते समोरच्या वळणावर दिसलं, पांढरं, स्वस्थ बसलेलं. मग ते रस्त्यावर उतरलं. झाडांची टोकं गेली, दरीचा कठडा गेला, शेवटी पुढच्या चाकापुढचा हातभर डांबरी रस्ता तेवढा राहिला. आवाजही गेले. एक कसलातरी पक्षी मघापासून ओरडत होता, तो मधेच गप्प झाला. स्वतःचा श्वास आणि साखळीची करकर, एवढंच.

यंत्रातला आकडा वर चढायला लागला. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याजवळ आला, त्याला शिवला, ओलांडून गेला. लाल झाला. प्रद्युम्नने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. माथा फार लांब नव्हता. आता उतरून बसलो तर अंधार होणार, मग मधूला फोन, मग टेम्पो, मग सौदामिनी काही न बोलता ताटात मऊ भात वाढणार. आणि मग जन्मभर "तुम्ही नको". तो पेडल मारत राहिला. डाव्या खांद्याखाली कुणी अंगठा दाबून धरावा तसं काहीतरी होतं, आणि त्याला चांगलंच ठाऊक होतं ते काय आहे.

तेव्हा मागून खणखण ऐकू आली.

आधी वाटलं घंटा असेल, माथ्यावरच्या वाघजाईची. पण आवाज मागून येत होता आणि जवळ येत होता. पत्र्यावर पत्रा आपटावा तसा… खण… खण… प्रत्येक पेडलला एक. मग वास आला, ओल्या घोंगडीचा आणि धारोष्ण दुधाचा. आणि मग त्याच्या उजव्या अंगाने एक सायकल हळूहळू पुढे गेली. जुनी, काळी, दणकट सायकल. तिच्या कॅरेजला दोन्ही बाजूंना किटल्या. चालवणाऱ्याने घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली होती, तोंड दिसत नव्हतं. पाऊस नव्हता, तरी खोळीच्या टोकावरून पाणी गळत होतं.

तो प्रद्युम्नच्या बरोब्बर पुढे आला आणि तिथेच राहिला.

"वझं घेऊ का?"

आवाज म्हातारा नव्हता, तरुणही नव्हता. चांगला मायाळू होता. ऐकून प्रद्युम्नच्या पाठीवरचा घाम गार झाला.

"माझ्याकडे… काही नाही हो," तो म्हणाला.

बराच वेळ किटल्या नुसत्या वाजत राहिल्या. खण… खण… प्रद्युम्नला थांबायचं होतं, पण पाय त्या तालावर फिरत होते. छातीतला अंगठा आता मूठ झाला होता. डोळ्यांपुढे धुकं होतं की अंधारी, ते त्याला कळेना. एक हात हँडलवरून सुटला आणि आपसूक छातीवर गेला.

"लई जड हाय…" पुढचा म्हणाला. "घेऊ का?"

त्या क्षणी प्रद्युम्नच्या मनात ना मोहीम होती ना मधूचे नियम. मरायची भीती तेवढी होती, साधी, लहान मुलाची असते तशी.

"घ्या," तो म्हणाला.

आणि खणखण थांबली. सायकल चालतच होती, किटल्या हलतच होत्या, पण आता त्यातून आवाज येत होता तो भरल्या भांड्याचा. डुबुक… डुबुक… एक किटली चांगलीच खाली ओढली गेलेली दिसत होती. प्रद्युम्नच्या छातीतली मूठ सुटली. कळ गेली, धाप गेली, पाय हलके झाले. त्याने यंत्राकडे पाहिलं. आकडा खाली येत येत इतका खाली आला होता की माणूस घरी आरामखुर्चीत पेपर वाचत असावा. त्या घोंगडीमागे, वाऱ्याच्या आडोशाने, तो उरलेला घाट एकदाही न थांबता चढून गेला.

माथ्यावर पोचला तेव्हा पुढे कुणी नव्हतं. वाघजाईला त्याने बाहेरूनच हात जोडले आणि कड्याचा फोटो काढला. फोटोत धुक्याखेरीज काही आलं नाही. मग तो वळला आणि उताराला लागला. तेव्हा आवाज मागून यायला लागला. डुबुक… डुबुक… तो वेग घेई तेव्हा मागचाही घेई. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

हिर्डोशीला बनाबाई टपरीची फळी लावत होती. सायकलचा आवाज ऐकून ती रस्त्यावर आली आणि तिने प्रद्युम्नकडे पाहिलंच नाही, त्याच्या मागे पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला.

"पोचल्यावर उतरवून घ्या बाबा," ती म्हणाली. "इसरू नका."

तो थांबला नाही. भोरपर्यंतच्या वाटेवर त्याचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. दमलेल्या माणसाला काय काय दिसतं. त्यात म्हातारीने डोक्यात गोष्ट भरवलेली. बरं, समजा होतं कुणी. तर मग घाट कुणी चढला? उतरवून घेतो म्हणायचं म्हणजे कुणीतरी आणलं हे कबूल करायचं, तोंडाने, मोठ्याने. दीड वर्षाच्या सरावावर आपल्याच हाताने पाणी ओतायचं. माणूस काय काय सोडतो, पण एवढ्या कष्टाने मिळवलेलं "एकट्याने" त्याला सोडवेना. तो फार वाईट माणूस होता म्हणून नव्हे. कुणालाही सोडवलं नसतं.

स्टँडसमोर दिवे लागले होते. मधूने हार आणला होता, दहाबारा मंडळी जमली होती, फटाक्यांची एक माळही कुणीतरी लावली. मागचा आवाज गर्दीच्या अलीकडे, वडापावच्या गाडीपाशी येऊन थांबल्याचं प्रद्युम्नला कळलं. मधूने हार घातला आणि पंचाच्या आवाजात विचारलं, "वाटेत कुणाची मदत?"

प्रद्युम्नने तोंड उघडलं. समोर शेजारचे होते, ऑफिसातला तो शिपाई होता. सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती काळजी नव्हती.

"कुणाची नाही," तो म्हणाला. "एकटाच होतो."

टाळ्या झाल्या. मिरवत मिरवत सगळे त्याला घरी घेऊन आले. सौदामिनीने ओवाळलं, तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. घर माणसांनी भरलं, चहाचं आधण चढलं. प्रद्युम्न खुर्चीत बसून केळदचा वारा आणि घाटातलं धुकं रंगवून सांगत होता. सांगता सांगता त्याचं सायकलवरून काढून आणलेल्या यंत्राकडे लक्ष गेलं. पट्टा छातीलाच होता, पण आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या होत्या. बॅटरी गेली असेल म्हणून त्याने ते उपडं ठेवलं.

मंडळी गेल्यावर त्याला आठवलं आणि तो ओशाळून हसला. दूध राहिलंच आणायचं, असं त्याने सौदामिनीला सांगितलं.

"राहिलं कुठे?" ती कप गोळा करत म्हणाली. "तुम्ही पाठवलं होतंत की."

"मी?" प्रद्युम्नने विचारलं.

माणसं बसली होती तेव्हा मागच्या दारी एक दूधवाला आला होता, असं ती सांगू लागली. जुन्या पद्धतीचा, सायकलवर किटल्या, घोंगडी पांघरलेला. साहेबांचं आहे, उतरवून घेता का, म्हणाला. किती आहे विचारलं तर म्हणाला, एकच हाय, पर जड हाय. आता अख्खी किटलीभर दूध घेऊन ती काय करणार होती? आणि चहासाठी मधूने पिशव्या आणून दिल्याच होत्या. बिचाऱ्याला लांब जायचं असेल, उगाच थांबवून कशाला ठेवायचं.

"मग… काय म्हणालीस?" प्रद्युम्नने विचारलं.

"म्हटलं, नको आम्हाला. तुम्ही फिरा माघारी."

त्याने हात पुढे करून खुर्चीचा दांडा धरला. सौदामिनी घाबरली. कप ठेवून ती जवळ आली, कळ येते आहे का म्हणून विचारू लागली. कळ कसली, काहीच येत नव्हतं. तेच तर त्याला तिला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. दोन वर्षांपासून काही झालं की ती करी तसंच तिने केलं, वाकून त्याच्या छातीला कान लावला.

बराच वेळ तिने कान काढला नाही.

"अहो… आत कुणीतरी चाललंय," ती म्हणाली. "लांब… किटली हिंदकळते आहे."

डॉक्टरांकडे जाऊन झालं. ईसीजीचा कागद निघाला तो अगदी नीट, पूर्वीपेक्षा बरा. डॉक्टरांनी मग नळी कानाला लावली. एकदा ऐकलं, नळी बदलून पुन्हा ऐकलं. रिपोर्ट उत्तम आहे, असं ते म्हणाले, पण नजर त्यांनी टेबलावरच ठेवली आणि बाहेरच्या पेशंटला घाईने आत बोलावलं.

प्रद्युम्न एसटीने हिर्डोशीला गेला. बनाबाईला त्याने सगळं सांगितलं. आपण काय बोललो आणि बायको काय बोलली, दोन्ही.

"उतरवून न घेता लावलं माघारी?" बनाबाईने विचारलं.

"तिला ठाऊक नव्हतं."

"तिचा काय दोष? तुमास्नी ठाऊक व्हतं की." बनाबाई रागावून म्हणाली नाही, म्हणून ते जास्त लागलं. तिने चुलीतली राख मागे ओढली. मग म्हणाली, "आता त्यो आपनहून यायचा न्हाई. वाटंवर उभं ऱ्हा. दिसला तर म्हना, माझं हाय, तुमी आणलं, उतरवून घेतो. पर लई दिस लावू नका. दूध नासतं बाबा. जड झालं की त्यो कुनाच्या तरी दारात ओतून मोकळा व्हतो."

तेव्हापासून जमेल त्या दुपारी प्रद्युम्न सायकल घेऊन घाटात जाऊ लागला. धुकं वर येईपर्यंत वळणावर उभा राही आणि परत येई. एकदाही तो दमला नाही, एकदाही धाप लागली नाही. भोरमध्ये त्याचं नाव झालं. या वयात, या दुखण्यातून उठून माणूस घाटाचा रतीब घालतो म्हणजे काय. लोक पोरांना त्याचं उदाहरण देत. घरी सौदामिनीही आता त्याला "तुम्ही नको" म्हणत नसे. सिलिंडर आला की तो उचलून आत ठेवी आणि तिच्याकडे बघे, आणि ती दुसरीकडे बघे. रोज दिवेलागणीला ती त्याच्या छातीला कान लावी आणि सांगे, आहे, वाजते आहे, डुबुक डुबुक. एवढं ऐकून तो जेवायला बसे.

मग मधूच्या मंडळींनी सत्कार ठेवला. शाळेच्या सभागृहात शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. घाटात एकट्याने केलेल्या पराक्रमावर मधू भरभरून बोलला. प्रद्युम्न उत्तराला उभा राहिला आणि त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, शाल काढून त्याने खुर्चीवर ठेवली.

"मी एकटा नव्हतो," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. माझं वझं दुसऱ्याने आणलं. गेनबाने आणलं. ते मला उतरवून घ्यायचं आहे."

टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा जास्त. केवढा विनय, असं पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. मधूने त्याला मिठी मारली. सौदामिनी तेवढी मागच्या खुर्चीवर डोळ्यांना पदर लावून बसली होती.

घरी येताना प्रद्युम्न खूप दिवसांनी मोकळा हसला. गल्लीत दिवे लागत होते. आता सगळ्यांसमोर बोललो, मोठ्याने बोललो, आता तो आणून देईल, असं तो वाटभर म्हणत होता. घरात शिरल्याबरोबर तो खुर्चीत बसला, सदऱ्याची बटणं काढली आणि उत्सुकतेने म्हणाला, "ऐक बघू. येतोय का?"

सौदामिनी खाली बसली आणि तिने कान लावला.

आवाज होता. लांबून, संथ, घाट चढणाऱ्या पायांच्या तालात येत होता. ती ऐकत राहिली. मग तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सांग ना," प्रद्युम्न म्हणाला. "येतोय?"

"येतोय," ती म्हणाली.

किटल्या आज रिकाम्या खणखणत होत्या, हे तिने त्याला सांगितलं नाही.